कितीवरून?

माझ्या हातून आयुष्यात पुष्कळ गोष्टी पडल्या आहेत. बशा, चष्मे, मोबाइल, एकदा तर स्नेहसंमेलनात अध्यक्षांना द्यायचा नारळ. प्रत्येक वेळी आजूबाजूच्या माणसांनी दोनच प्रश्न विचारले. भल्या माणसांनी ‘लागलं का?’ विचारलं आणि बाकीच्यांनी ‘फुटलं का?’ विचारलं. तिसरा प्रश्न विचारणारी एकच बाई मला भेटली.

नाशिकच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागलो त्याचा तो पहिला दिवस. शिक्षकखोलीत मला चहा दिला गेला आणि मी तो बशीसकट जमिनीवर सोडला. सगळे हळहळले. शिपाईमामा म्हणाले, काच फुटली, संकट टळलं. टेबलाच्या पलीकडे एक ठेंगण्या बाई वह्या तपासत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, “कितीवरून?”

मला तो टोमणा वाटला. मी देवळ्याचा, आमच्याकडे टोमण्याला टोमणाच देतात. मी म्हटलं, “बाई, मोजायचं राहिलं, दुसरा कप आणू का?” त्यावर त्या खरंच उठल्या, पर्समधून शिंप्याची टेप काढली आणि मला म्हणाल्या की हात होता तिथे पुन्हा धरा. मी धरला. त्यांनी जमिनीपर्यंत माप घेतलं, कुठल्याशा वहीत लिहिलं आणि पुन्हा वह्या तपासायला बसल्या. चहा मला दुसऱ्यांदा कोणी विचारला नाही.

या सुमन पगारे. भौतिकशास्त्राच्या. शाळेत त्या सगळंच विज्ञान शिकवत, पण बाकीचं आपण वेळापत्रकात आहे म्हणून शिकवतो असं स्पष्ट सांगत. मॅडम जाऊन आता दोन वर्षं झाली. अजूनही घरात भांडं पडलं की माझ्या तोंडून आधी त्यांचाच प्रश्न निघतो आणि बायको माझ्याकडे बघते.

त्यांच्या पर्समध्ये तीन गोष्टी कायम असत. ती टेप, दोऱ्याचं रीळ आणि कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड. वर्गात काहीही पाडून दाखवायचं असलं की त्या ते हातानं सोडत नसत. पंख्याच्या हुकाला दोऱ्यानं टांगत आणि दोरा ब्लेडनं कापत. हात सरळ सोडत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. एखादी वस्तू आपल्याला आवडत नसली तर हात तिला नकळत ढकलतो, आवडत असली तर क्षणभर जास्त धरून ठेवतो. त्यामुळे खरं बघायचं असेल तर हात मध्ये आणायचाच नाही.

दुसरा नियम वहीचा. लाल पुठ्ठ्याची, लांबट वही. कुठलीही वस्तू पाडण्याआधी वर्गातल्या प्रत्येकानं आपला अंदाज सांगायचा. दगड आधी पडेल की खोडरबर? चुरगळलेला कागद की सपाट? नाव, अंदाज आणि पुढे काय झालं, असे तीन रकाने. पहिलं नाव मॅडमचं. खाडाखोड चालत नसे. अंदाज चुकला तर नावापुढे फुली, आणि ती फुली वर्षानुवर्षं तिथेच राहायची. आपल्याला ठाऊक असलेल्या प्रयोगात त्या अंदाज लिहीत नसत, ती लबाडी झाली असती. म्हणून त्या मुद्दाम ठाऊक नसलेलं काहीतरी शोधून आणत, ओला स्पंज, अर्धी भरलेली बाटली, वाळूची पुरचुंडी. त्यामुळे त्यांच्या नावापुढे फुल्या पुष्कळ होत्या. मुलं त्या मोजत, आणि मॅडम मोजू देत.

एकदा मुख्याध्यापक वर्गावरून चालले होते. मॅडमनी त्यांना आत बोलावलं. एक लोखंडी गोळा आणि एक लाकडी गोळा टांगलेला. साहेबांचं स्वतःचं शिक्षण वाणिज्य शाखेचं, पण आवाज भरदार. “अर्थात लोखंडी आधी,” असं म्हणून ते हसले. मॅडमनी नाव लिहिलं आणि दोरा कापला. दोन्ही गोळे एकदमच पडले, मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि साहेबांपुढे फुली पडली.

दुसऱ्या दिवशी वही मागवली गेली. मॅडम स्वतः घेऊन गेल्या. मीही तिथे रजेच्या अर्जासाठी उभा होतो, म्हणून हे ऐकलं. साहेब म्हणाले की तेवढं एक पान बदलून टाका, मुलांसमोर बरं दिसत नाही. मॅडम शांतपणे म्हणाल्या, “सर, त्याच पानावर वर ओल्या स्पंजाच्या प्रयोगात माझं नाव आहे, तिथेही फुली आहे. तुमचं काढलं तर माझंही काढावं लागेल. आणि माझं मी काढणार नाही.”

पुढचं पूर्ण वर्ष त्यांना मैदानाकडचा पत्र्याचा वर्ग मिळाला. उन्हाळ्यात तिथे बसवत नसे. वर चिंचेचं झाड होतं, चिंच पडली की पत्रा वाजायचा. आम्हाला वाटलं, बाई आता रडकुंडीला येतील आणि पान फाडतील. आठवड्याभरानं मी त्या वर्गापाशी गेलो तर आत पूर्ण शांतता. सगळी मुलं छताकडे कान देऊन बसलेली. चिंच पडली. मॅडम म्हणाल्या, “वरची फांदी की खालची?” आणि मुलं एकामागून एक आपला अंदाज सांगायला लागली.

माझं आणि त्यांचं भांडण शब्दांवरून असायचं. मी म्हणायचो, तुमच्या विषयाला एकच पडणं ठाऊक. आमच्याकडे भाव पडतो, उमेदवार पडतो, प्रश्न पडतो, स्वप्न पडतं, एखाद्याची गाठ पडते आणि एखाद्याचा विसर पडतो. त्या ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “सर, तुमच्याकडे शब्द जास्त आहेत म्हणून भांडणंही जास्त आहेत. वस्तू पडली म्हटलं की कोणाचाच दोष नाही, आणि पाडली म्हटलं की लगेच कोणीतरी गुन्हेगार. माझ्या दगडाला दोन्ही सारखंच.” मला यावर उत्तर सुचायचं, पण घरी गेल्यावर.

माझ्या बहिणीच्या लग्नाला त्या देवळ्याला आल्या होत्या. बाकीचे पाहुणे मांडवात, आणि या आमच्या कांदा साठवायच्या चाळीत. तिथे मजूर टोपल्या डोक्यावरून थेट ढिगावर रिकाम्या करत होते. मॅडमनी टेप काढली. मग माझ्या वडिलांना गाठून म्हणाल्या की दादा, टोपली खाली टेकवून ओता आणि वेगळा ढीग करा, सहा आठवड्यांनी कुठला आधी सडतो ते मला पोस्टकार्डानं कळवा. माझ्या वडिलांनी आयुष्यात कोणाचं ऐकलेलं नाही. लग्नात नवऱ्या मुलाच्या बापाचंही ऐकलं नव्हतं. पण दीड महिन्यानं त्यांनी मला चाळीत नेलं, दोन्ही ढीग दाखवले, डोक्यावरून ओतलेला आधी सडला होता, आणि आमच्या अहिराणीत म्हणाले, “बाईनं म्हननं खरं शे.” पोस्टकार्ड मात्र मलाच लिहायला लावलं.

मॅडम निवृत्त झाल्या त्याच्या तिसऱ्या वर्षी त्यांच्या उजव्या हातातून वस्तू निसटायला लागल्या. आधी पेन, मग चमचे, मग कप. डॉक्टरांनी नस दबल्याचं सांगितलं, नंतर आणखी काहीतरी सांगितलं. मॅडम एवढंच म्हणायच्या की हात सुटायला लागलाय. त्यांच्या घरी, नाशिकरोडच्या कॉलनीत, सहा कपांपैकी कोणतेही दोन सारखे राहिले नव्हते. त्यांचे यजमान, वीज मंडळातले निवृत्त, फार कमी बोलणारे गृहस्थ, त्यांनी एक दिवस गुपचूप स्टीलचे पेले आणून ठेवले. मॅडमनी ते तसेच माळ्यावर टाकले. काचेच्या कपातच चहा पिणार, हे ठरलेलं होतं. वाद घालायला मी गेलो आणि नेहमीप्रमाणे ऐकून परत आलो.

त्याच फेब्रुवारीत रंजना गांगुर्डे त्यांच्याकडे आली. रंजना आमची विद्यार्थिनी, पत्र्याच्या वर्गातल्या तुकडीतली. लग्नानंतर पिंपळगाव बसवंतला एका पॅकहाऊसमध्ये सुपरवायझर होती. तिथे द्राक्षं निवडून, कात्रीनं खराब मणी काढून, प्लॅस्टिकच्या छोट्या डब्यांत भरतात आणि त्या डब्या पेटीत रचून परदेशी पाठवतात. तीन टेबलं, प्रत्येक टेबलावर नऊ बाया. मी तेव्हा मॅडमकडेच बसलेलो होतो.

रंजनाचं म्हणणं असं होतं. परदेशातून मालाचे फोटो आले होते. डब्यांच्या तळाशी घडापासून सुटलेले मणी पडलेले. पेट्यांवर टेबलाचा नंबर असतो, आणि गळलेल्या सगळ्या पेट्या तीन नंबरच्या निघाल्या होत्या. पॅकहाऊसचे मालक मोरे शेठ यांनी ठरवलं की तीन नंबरच्या बाया पेट्या आपटतात. सोमवारपासून त्या नऊजणींनी यायचं नाही. द्राक्षांचा हंगाम असतोच दोन-अडीच महिन्यांचा, आणि त्या बायांचं वर्षाचं बरंचसं त्यावर चालतं. शिवाय आपटणाऱ्या बाया म्हणून एकदा नाव झालं की आसपासच्या कुठल्याच पॅकहाऊसमध्ये कोणी उभं करत नाही.

“मॅडम, आम्ही आपटत नाय हो,” रंजना म्हणाली. “मी दिवसभर तिथंच उभी राहते. लेकरू ठेवावं तशी ठेवतात बाया.”

मला वाटलं, आता मॅडम तिची समजूत काढतील. त्यांनी विचारलं, “टेबलावरून पेटी कितीवर उचलतात आणि कितीवरून ठेवतात?” रंजनानं हात करून दाखवलं, वीतभर. मॅडम माझ्याकडे वळल्या. “सर, उद्या शनिवार, तुमची शाळा सकाळची. आणि गाडी तुमच्याकडे आहे.” मी म्हटलं, शाळा सकाळची आहे म्हणजे मला सकाळी शाळेत असावं लागतं. त्या म्हणाल्या, तुमच्या इतक्या रजा शिल्लक आहेत, त्या काय बरोबर नेणार आहात? शनिवारी सकाळी आठला मी आग्रा हायवेवर गाडी चालवत होतो आणि स्वतःवर चिडलेला होतो.

मोरे शेठ वाईट माणूस नव्हता. स्वतः बागाईतदाराचा मुलगा, मेहनतीनं वर आलेला. पण माल परत येण्याच्या भीतीनं त्याची झोप उडालेली, आणि त्यात एक निवृत्त बाई टेप घेऊन दारात. त्यानं आम्हाला सरळ जायला सांगितलं. मॅडमनी एक रिकामी क्रेट उलटी केली आणि फाटकाशी बसल्या. मी गाडीत बसलो. शेठ दोनदा बाहेर आला, दोनदा आत गेला. ऊन वर आलं. तिसऱ्यांदा तो म्हणाला, “बाई, काय करायचं ते करा आणि मोकळ्या व्हा. पण एक सांगतो, बायांचे हात जड झालेत. पेट्या पाडतात त्या.”

“तेच बघायचंय,” मॅडम उठत म्हणाल्या. उठताना त्यांच्या हातातून टेप पडली. वाकून उचलली तर पुन्हा पडली. शेठ रंजनाकडे बघून हसला. “यांच्याच हातातून पडतंय सगळं, या काय बघणार?”

मला राग आला. मॅडमना नाही. त्या म्हणाल्या, “बरोबर आहे तुमचं. म्हणून यात मी माझा हात आणणार नाही आणि त्या बायांचाही आणणार नाही.” आणि पर्समधून दोऱ्याचं रीळ काढलं.

आदल्या दिवशी भरलेल्या सहा पेट्या शीतखोलीतून आणल्या. मॅडमनी प्रत्येक पेटी आधी उघडायला लावली आणि सुटे मणी असतील ते काढून टाकायला लावले, शेठच्या डोळ्यांसमोर. मग पेटीला चारी बाजूंनी दोरा बांधून ती छपराच्या लोखंडी पट्टीला टांगली, तळ जमिनीपासून बरोबर वीतभर. हे सगळं मी आणि रंजनानं केलं, त्या सांगत होत्या. नंतर वही निघाली. शेठनं नाखुशीनं अंदाज दिला की वीतभरावरून मणी गळतातच, म्हणून तर बायांना हळू ठेवा म्हणतो. मॅडमनी स्वतःचा लिहिला की वीतभरावरून एकही गळणार नाही, कमरेइतक्या उंचीवरून टाकली तरच गळतील. मला विचारलं. मी मॅडमच्याच बाजूनं लिहिलं, विचार न करता. नेहमी तसंच करायचो.

त्यांनी डाव्या हातात ब्लेड घेतलं आणि दोरा कापला. धप्प आवाज झाला. पेटी उघडली. एक मणीही सुटलेला नव्हता. रंजनाच्या चेहऱ्यावर उजेड आला. दुसरी पेटी, तीच वीत, तोच दोरा. उघडली तर तळाशी ओंजळभर मणी.

मग शेठनं पेटी फिरवून नंबर बघितला. “तीन नंबर,” तो म्हणाला. “झालं ना बाई समाधान?”

राहिलेल्या चार पेट्या पाडल्या. दोन गळल्या, दोन नाहीत. गळलेल्या दोन्ही तीन नंबरच्या. रंजना रडायच्या बेतात आली. शेठचं म्हणणं आता पक्कं झालं होतं, की या बाया घड असे दाबून भरतात की मणी आतून ढिले होतात, मग जरा धक्का लागला की सुटतात. मी मॅडमना हळूच म्हटलं की चला आता. मला खरंच वाटलं की आपण मदत करायला येऊन त्या नऊजणींचं आणखी वाटोळं केलं.

मॅडमनी वहीत आपल्या नावापुढे फुली मारली. माझ्याही मारली. शेठच्याही नावापुढे मारली, कारण तीन पेट्या गळल्या नव्हत्या. मग त्या रंजनाला म्हणाल्या, “नंबराशिवाय पेटीवर आणखी काय लिहिलंय?”

रंजनानं वाचलं. तारीख, बागेचं नाव आणि माल आत आल्याची वेळ. न गळलेल्या तिन्ही पेट्यांचा माल सकाळी नऊ-साडेनऊला आलेला. गळलेल्या तिन्हींचा दुपारी दोनला. मॅडमनी विचारलं की दुपारचा माल तीन नंबरलाच का जातो. रंजना म्हणाली, सकाळचा माल पहिल्या दोन टेबलांवर लावतात, ती भरलेली असतात, म्हणून दुसरा टेम्पो आला की तो तीन नंबरला. रोजच.

“शेठ,” मॅडम म्हणाल्या, “आज दुपारचा टेम्पो एक नंबरला द्या. सकाळच्या चार क्रेट थंडाव्यात ठेवा आणि त्या तीन नंबरला द्या. मी थांबते.”

तो म्हणाला, टेम्पो दोनला येतो. त्या म्हणाल्या, दोनला तर दोनला. मॅडमनी अंदाज लिहायला लावल्यावर त्यानं ठासून सांगितलं, गळतील त्या तीन नंबरच्याच. मॅडमनी या वेळी लिहिलं, दुपारच्या मालाच्या, टेबल कुठलंही असो. मी बराच वेळ पेन धरून बसलो आणि पहिल्यांदाच स्वतःचं डोकं वापरून मॅडमसारखंच लिहिलं. आम्ही जेवणाचे डबे उघडले. मॅडम डाव्या हातानं जेवल्या, सावकाश. भाकरीचा तुकडा दोनदा पडला, दोन्ही वेळा उचलून बाजूला ठेवला आणि पुढचा तोडला.

दोनला टेम्पो आला. अदलाबदल झाली. तीन नंबरच्या बाया काम करताना एकमेकींकडेही बघत नव्हत्या, सोमवारचं त्यांना कळलेलं होतं. तीनच्या सुमाराला चार-चार पेट्या तयार झाल्या. आता पॅकहाऊसमधलं सगळं काम थांबलेलं, सगळ्या सत्तावीसजणी टोप्या आणि हातमोजे घालून भोवती उभ्या. एक एक दोरा कापला गेला. तीन नंबरच्या चारही पेट्या स्वच्छ. एक नंबरच्या चारही पेट्यांत मणी.

शेठ खाली बसला. त्यानं एक नंबरच्या पेटीतला घड उचलला, देठ चिमटीत धरला आणि वाकवला. तो काडीसारखा मोडला. मग तीन नंबरचा घड घेतला. देठ हिरवा होता, वाकला. बागाईतदाराच्या मुलाला यापुढे कोणी काही सांगायची गरज नव्हती. तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, “देठ सुकलाय.”

टेम्पोवाल्याला विचारलं तेव्हा त्यानं सांगितलं की लांबच्या बागेत तोडणी सातलाच होते, पण गाडी पूर्ण भरल्याशिवाय हलवायची नाही असा हुकूम आहे. तोवर तोडलेला माल क्रेटमध्ये बांधावर, उन्हात. हुकूम कोणाचा, हे त्याला सांगावं लागलं नाही. सगळे शेठकडेच बघत होते.

मी असतो तर इथे दोन शब्द सुनावले असते. मॅडमनी ब्लेड कागदात गुंडाळलं, वही उघडली आणि सगळ्या बायांसमोर उभ्या राहिल्या. “सकाळी मी लिहिलं होतं की वीतभरावरून मणी गळणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “माझा अंदाज चुकला. मी उंची बघत होते, माल बघितलाच नाही.” मग वही शेठपुढे धरली. “आता तुम्ही वाचा.”

तो म्हणाला, सोमवारी या म्हणून सांगतो ना यांना, झालं. मॅडम वही धरून तशाच उभ्या राहिल्या. उजव्या हाताला डाव्याचा आधार दिलेला. वही खाली येत होती, पुन्हा वर जात होती. अखेर शेठनं ती त्यांच्या हातातून घेतली, टोपी काढली आणि वाचलं की तीन नंबरच्या पेट्या गळतील असं मी म्हटलं होतं, ते चुकलं. पुढे वहीत नसलेलं एक वाक्य तो स्वतःहून बोलला. “बायांनो, तुमच्या हाताचा दोष नव्हता.”

परतताना मॅडम गाडीत झोपल्या. त्यांना मी एवढं थकलेलं कधी पाहिलं नव्हतं.

शेवटचं पाहिलं ते पुढच्या हंगामात. त्या दिवशीही मी त्यांच्याकडेच होतो आणि रंजना द्राक्षांची पेटी घेऊन आली. तीन नंबरच्या बायांनी भरलेली, वर नऊजणींची नावं. मॅडम आता भिंतीला धरून चालत. रंजना पेटी टेबलावर ठेवायला निघाली तर त्यांनी तिला दारातच थांबवलं. “मी नेते,” म्हणाल्या. आणि मला सांगितलं, “सर, वही काढा.”

त्यांच्या यजमानांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि पुन्हा वर धरलं. रंजनानं पटकन लिहिलं, पडणार नाही. वही माझ्याकडे आली. दारापासून टेबलापर्यंत सात-आठ पावलं. मी त्यांच्या हाताकडे बघितलं आणि ‘प’ लिहून थांबलो. मला ‘पडणार नाही’ असंच लिहायचं होतं. मरणाच्या दारातल्या माणसाशी इतकं तरी खोटं बोलावं, असं मला मनापासून वाटत होतं.

“देवरे सर,” त्या म्हणाल्या, “माझ्यासाठी लिहू नका. पेटीसाठी लिहा.”

मी लिहिलं, पडेल. लिहिताना माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

रंजनानं पेटी त्यांच्या हातांवर ठेवली. त्यांनी ती पोटाशी घट्ट धरली, उजव्या हाताखाली डावा घातला आणि निघाल्या. तिसऱ्या पावलाला उजवा हात सुटला. पेटी एका बाजूला कलली, रंजना पुढे झाली, मॅडमनी नुसती मान हलवून तिला अडवलं. कोपर बरगडीशी दाबलं. थांबल्या. श्वास घेतला. मग उरलेली पावलं एकेक करून टाकली आणि पेटी टेबलावर टेकवली, वीतभरावरूनही नाही, बोटभरावरूनही नाही, अगदी टेकवली.

मग बसून त्यांनी पेटी उघडायला लावली. सगळ्या डब्या बघितल्या. एका डबीच्या तळाशी एक मणी सुटलेला होता. तो त्यांनी रंजनाला दाखवला, मला म्हणाल्या, हा लिहा, आणि तोंडात टाकला.

पावसाळ्यात मॅडम गेल्या. दिवसकार्य झाल्यावर त्यांचे यजमान ती लाल वही माझ्याकडे घेऊन आले, तुमच्याकडे राहू दे एवढंच म्हणाले. शेवटच्या पानावर तीन ओळी आहेत. रंजनापुढे काही नाही. एका मण्याची नोंद आहे. आणि माझ्या नावापुढे डाव्या हातानं काढलेली, वाकडीतिकडी, मोठी फुली आहे.